चाळीस रबरी सीलं

३ मार्च १९८८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे, पण बसून बसून अंगाला मुंग्या आल्यात. सतरा दिवस आमची शिकाऊ जेट विमानं चाकं काढून ठोकळ्यांवर उभी आहेत. ब्रेकमध्ये बसणारी रबरी सीलं संपलीत. एवढंसं कडं, पण त्यावाचून घोडं अडलंय. इंजिन सुरू करून देणारी बॅटरीची गाडी आम्ही रोज पुसतो आणि पुन्हा झाकतो.

महिनाअखेरपर्यंत माझं एकट्याचं उड्डाण झालं नाही, तर मला मागच्या तुकडीत ढकलतील. म्हणजे आणखी सहा महिने. आमचे मेकॅनिकमामा म्हणतात, माल डेपोत अडकलाय, कुणी एक बाई सही करत नाही. डेपो तुझाच निघाला. त्या बाईला जरा हलव ना. तुझ्यापुढे बाबासुद्धा गप्प बसतात, ती कोण लागून गेली?

लगेच लिही, नाही तर रुसेन.

तुझा
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

ती बाई मीच.

चाळीस सीलं आली. लेबलाचा कोपरा सुटला होता, म्हणून नखाने उचलला. खाली दुसरं लेबल, चार वर्षं जुन्या तारखेचं. सील वाकवून पाहिलं, तर टाचेला पडाव्यात तशा बारीक भेगा. साहेब म्हणाले, कागद बरोबर आहे, सही करा. मी केली नाही. माल तपासणीला गेला आणि मी रिकामी खोकी मोजायला. आईला यातलं काही लिहू नकोस.

जिवाला घोर वेगळाच आहे. याच मालातली बारा सीलं मी बघण्याआधी तुमच्याकडे निघाली. मी वर कळवलंय, पण तो कागद चार टेबलं फिरेल. पेटीवर ७३ आकडा असेल. हे पत्र मामांना दाखव. उड्डाणाच्या फळ्यावर तुझं नाव लागलं असलं तरी दाखव.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच.

ताई

१६ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा सकाळी मिळालं. त्याच सकाळी नवी सीलं बसवून विमानं तयार झाली होती आणि दुसऱ्या दिवसाच्या उड्डाणासाठी फळ्यावर माझं नाव होतं. दुपारी आमच्या तुकडीतला लंबू विमानात चढताना दिसला, तेव्हा मी पळत जाऊन मामांच्या हातात पत्र दिलं. त्यांनी बॅटरीची गाडी तिथेच बंद करवली. चाकं उघडली. सीलांच्या पेटीवर आकडा ७३ च. लंबूच्या विमानाचं एक सील तेलाने ओलं झालं होतं.

उड्डाणं पुन्हा बंद. मी मागच्या तुकडीत जाणार, हे आज ठरलं. सगळे पाठ थोपटतात आणि मला तोंड लपवावंसं वाटतं. कारण पत्र सकाळी मिळालं होतं, ताई. दुपारपर्यंत ते माझ्या खिशात होतं. हे कुणाला सांगितलेलं नाही.

तरीही तुझाच म्हणवून घेणारा,
धाकटा

२२ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तपासणीत दहापैकी सहा सीलं फाटली. माझं टेबल अजून परत मिळालेलं नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आता माझंही ऐक. तुझं पहिलं पत्र आलं, त्या दिवशी माल तपासणीला जायचा होता. मी तो थांबवला आणि जेवणाच्या सुट्टीभर सहीच्या कागदासमोर पेन उघडून बसले. तुझे सहा महिने डोळ्यांपुढे होते. मग टोपण लावलं.

आपण दोघं एकाच आईची. आता झोप नीट घे, आणि माझ्यावरचा जीव आहे तसाच असू दे.

ताई