वर्षाच्या हिरव्या बांगड्या

धाराशिव, रविवार संध्याकाळ

वर्षाची कादंबरी वाचून संपवली. चांगली आहे. हे इथं लिहितानाही जीव जातोय.

निजामाच्या काळात दारोदार बांगड्या भरणारी आणि सासुरवाशिणींची खबर माहेरी पोचवणारी मनेरीण ही कादंबरीची नायिका. ही बाई आधी मला सापडली होती. तिची नात म्हणजे तेरच्या राबियाखाला, त्यांचा पत्ता वर्षाला मीच दिला. तिचा इतिहास लिहायचा म्हणून सहा वर्षं मी त्यांना साल विचारतेय, कागद मागतेय, आणि त्यांचं एकच, "याद न्हाय, बेटा." वर्षाला मात्र दोन दुपारांत सगळं? प्रकाशनाला तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. अजून डोळ्यांत खुपतात.

आज तेरला जाऊन खालांना सरळच विचारलं, तिलाच कसं सांगितलंत?

"तिनं बांगड्या भरून घेतल्या. हातात हात आला की बोलणं येतं. तू कधी हात दिला व्हय?"

नव्हता दिला. माझ्या हातात कायम पेन.

मग बसले त्यांच्यापुढं, हात दिला. तसल्याच हिरव्या मागितल्या.

"लई आखडलाय. ढिला सोड." बांगडी चढवता चढवता खाला म्हणाल्या, "सासू शेजारीच बसायची, सून कशी बोलंल? आजी तिच्या मनगटावरचे वळ बघायची न् माहेरी जाऊन सांगायची."

वर्षाच्या कादंबरीत सुना मनेरणीच्या कानात कुजबुजतात. घरी आल्या आल्या ते पान पुन्हा काढून पाहिलं. कुजबुजतातच. किती बरं वाटलं, हे कुणाला सांगायचीही सोय नाही.