पाटावर बसवलेली डिस्क

९ सप्टेंबर, एटापल्ली
माझ्या मूल गावाहून दोन गाड्या बदलून पोचलो. या वयात नोकरी लागली. जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो ज्या डब्यात साठतात, तो सांभाळायचा. खोली कोरडी आहे. शेजारी मुन्नाची चहाची टपरी. वनखात्याच्या रंजीता मॅडमने डब्यातल्या चार डिस्क दाखवल्या. म्हणाली, डोमाभाऊ, हे चार भाऊ समजा. एक मेला तर त्याचं सारं बाकीच्या तिघांले आठवते. जिचा लाल दिवा लागला ती डिस्क काढा, नवी घाला. तिघं तिले सारं सांगतात, ती भरते. पण दोन एकदम जाऊ देऊ नका, मंग सांगणारं कोनी राह्यत नाई.

भली पोरगी. माझा फोन मरायला टेकला होता. त्यातला बायकोचा, सुगंधाचा व्हिडिओ तिने डब्यात ठेवला. सुगंधा अंगणात तांदूळ पाखडते आणि मला जेवायला हाक मारते. ती आता तेवढीच उरली आहे.

१५ सप्टेंबर
लाल दिवा. मॅडम नागपूरला. आज अविधवा नवमी, नवऱ्याआधी गेलेल्यांचा दिवस. आमच्याकडे गेलेलीच्या जागी एखादीला पाटावर बसवून जेवू घालतात. मुन्नाच्या बायकोला, कहकशाँला विचारले. ती हसली, चाचा, मी तुमची बुढी होऊ का काय. मग नवी डिस्कच पाटावर ठेवली. कुंकू लावले, भात-वडे वाढले, सुगंधाला बोलावले.

नंतर खराब डिस्क काढायला गेलो. चुकून आधी शेजारची चांगली निघाली आणि फरशीवर पडली. आत खुळखुळते. खराब काढून तिथे पाटावरची घातली.

१६ सप्टेंबर
मॅडमला फोन केला. किती डिस्क निघाल्या ते तिने दोनदा विचारले. मग म्हणाली, भाऊ, दोन गेल्या, सारं गेलं. मी म्हटले, हिरवा दिवा लुकलुकते, पडद्यावर भरत आहे असं लिहून येते. ती म्हणाली, होऊच शकत नाई.

व्हिडिओ लावला. सूप आले आहे. हात आला आहे. बाकी अजून काळे.

१७ सप्टेंबर
चेहरा आला. पण पुढे आमच्या लग्नाचा मांडव दिसतो. तेव्हा गावात कॅमेरा नव्हता. मी बसलो होतो तिथूनच दिसतो.

डोळे मिटून तो मांडव आठवून पाहिला. काही येत नाही. आता फक्त डब्यात आहे.

१८ सप्टेंबर
मुन्नाने गाव विचारले. सांगता आले नाही. डब्यात दिसते, राइस मिल, बोडीतले पाणी, सारे.

तिघे उरले नाहीत. नव्या डिस्कला सांगणारा मी आहे.

मॅडम म्हणते डब्याची वायर काढा. वायर काढली तर सुगंधा— डोळे मिटले तर तिचा चेहराही येत नाही. तिथेच आहे फक्त.

२० सप्टेंबर
वायर हातात धरली. सोडली.
पाट मांडला आहे. तिच्यासमोर. रिकामा—

२१
एक बाई पाखडते. चांगली आहे. कुंकू मोठे.
कोणाला तरी जेवायला बोलावते. कोणी येत नाही. भात निवत आहे. तिला सांगायला पाहिजे, बाई, थांब, तो—