अकरा दारांच्या खिट्ट्या

सोम. १३ फेब्रु. १९७८, दौंड
सातवी खिट्टी बसवली, थॉमस मास्तरांच्या दाराला. महिन्याभरात आमच्या चाळीत दोन घरं फुटली. अंधार पडला की कौलांवर दगड येतात. मालधक्क्यामागं दोघांनी मास्तरांना अडवून हातातलं घड्याळ काढून घेतलं, वर कानफटात दिली. दिवे लागले की सगळे आत.
खिट्टी माझ्या डोक्यातली. पोलादी पट्टी, पाऊण इंच रुंद, दोन सूत जाड, मागं स्प्रिंग. दार लोटलं की आपोआप पडते. बाहेरून मलासुद्धा उघडता यायची नाही. मास्तरांनी विचारलं, "सॅम्युएलमिस्त्री, हे कुठं शिकलात?" कुठंच नाही. चौथीनंतर शाळा नाही. बघून बघून.
चाळीत बिऱ्हाडं बारा. कोपऱ्यातला बबन सोडून सगळ्यांनी सांगितल्या आहेत. म्हणजे अकरा.

गुरु. १६
ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस लागले. दर शुक्रवारी सातला एकेका घरी प्रार्थना. ज्याची पाळी त्याचं दार सताड उघडं, उंबऱ्यावर कंदील. वडिलांच्या वेळेपासून एक शुक्रवार चुकलेला नाही. उद्या मास्तरांकडे.
मास्तर सकाळी माझ्या दुकानात आले. "यंदा दार लावून घेऊ या का?" लावू म्हणालो. माणसं महत्त्वाची, दार नाही.
घरी बायकोला सांगितलं. मार्था भाकरी थापत होती. थापता थापता, "मग कंदील कुणासाठी ठेवायचा?"


शुक्र. १७
प्रार्थना झाली. दार बंद. माणसं पाच, पाळकसाहेब धरून. (गेल्या साली याच घरी चौतीस. मोजली होती.) पाळकसाहेब शिरूरहून एस.टी.नं येतात, परतीची गाडी चुकू नये म्हणून शास्त्रवाचन घाईत.
पहिल्या गीतात कुणीतरी दार वाजवलं. सगळ्यांचे आवाज दबले. कुणी उठलं नाही. मी दाराला सगळ्यांत जवळ होतो. मीही नाही. थोड्या वेळानं वाजायचं थांबलं.
नंतर कळलं, राहेलबाई होत्या. चाळीतलीच, सत्तरी ओलांडलेली एकटी बाई. काठी टेकत आली, परत गेली.


रवि. १९
उपासनेनंतर राहेलबाईंकडे गेलो. चुकलं म्हणालो. मला त्या लहानपणापासून सॅमूच म्हणतात. "असू दे रे सॅमू. माझीबी बसव आता, सांगितलेली खिट्टी. समद्यांची हाय." बसवली. नववी. आणि सगळ्यांत चोख. फट अर्धा सूतसुद्धा नाही.
बबन न्हाणीच्या भिंतीला टेकून बघत होता. कासुर्डीचा, मालधक्क्यावर हमाल, तीन महिन्यांपूर्वी भाड्यानं आला. चाळीत त्याच्याशी कुणी बोलत नाही. संशय सगळ्यांचा, माझाही.
म्हणतो, "मिस्त्री, चोर दोन्ही बारीला कौलं काढून वरनं उतरला, आन् तुम्ही खाली दारं बांधताय व्हय?"
संताप आला. बोलला ते खरं, म्हणून जास्त. याला वरच्या वाटेची एवढी माहिती कशी, हेही मनात आलं.

मंगळ. २१
क्रमानं लिहितो.
दु. तीनला मार्था दुकानात धावत आली. राहेलबाई दार उघडत नाहीत, आतून कण्हणं ऐकू येतंय. गेलो. आतून माझीच खिट्टी. पटाशी घातली, शिरेना. पहार, टोक टेकायला जागा नाही. वीस मिनिटं. चाळ गोळा झाली. मास्तर म्हणाले, मिस्त्री, प्रार्थना करा. लोकांपुढं माझी प्रार्थना नेहमी बांधीव असते, आधी मनात जुळवून ठेवतो. आज एवढंच निघालं, "प्रभू, दार." पुन्हा तेच. "प्रभू, दार."
बबन रात्रपाळीहून येऊन झोपला होता, गलक्यानं उठला. कुणाला काही न विचारता न्हाणीच्या भिंतीवरून वर. सहा कौलं काढली. एक फुटलं नाही. एकावर एक रचून ठेवली. आत उडी. खट्. आतून बोटानं निघते.
राहेलबाई चुलीपाशी पडलेल्या. कपाळाला खोक. बोलत होत्या. बबननंच उचलून टांग्यात घातलं.
मास्तर मागून हळूच, "हात सरावलेला दिसतोय."
बबननं ऐकलं. "व्हय मास्तर, सरावलेलाच हाय. दर उन्हाळ्यात बापासंगं गावची घरं शाकारतो. तुमचंबी मागल्या अंगाला फुटलंय, आता वरनं बघितलं. पावसाळ्यात गळंल."
कुणी हसलं नाही. मग मार्था हसली.

गुरु. २३
राहेलबाई घरी आल्या. चार टाके. उद्याची पाळी माझ्या घरची. म्हणाल्या, "मला खुर्चीत घालून न्या. पर दार उघडं असंल तरच येते."
विचारलं, भीती नाही वाटत?
"वाटती की. पडल्या पडल्या दाराकडंच बघत व्हते. माझ्याच हातानं लोटलेलं. तवा जास्त वाटली."
संध्याकाळी माझ्या दाराची खिट्टी काढली. चार स्क्रू. पहिलाच बसवताना आडवा गेला होता, आज दिसलं.
मग बबनच्या खोलीवर गेलो. उद्या सातला या म्हणालो. प्रार्थना आहे, जेवण नाही, चहा आहे.
"मिस्त्री, खरं सांगा. माझ्यावर डाऊट हाय न्हवं तुमचा?"
खोटं बोलता येईना. "होता. थोडा अजून आहे."
"मग येतो. डोळ्यांम्होरं राहीन तुमच्या."

शुक्र. २४
सातला दार सताड. उंबऱ्यावर कंदील, काच मार्थानं राखेनं लख्ख केलेली. आम्ही दोघं, पाळकसाहेब, खुर्चीत राहेलबाई. दहा मिनिटं एवढेच. मग एकेका दाराचा खट्, खट् आवाज, आणि माणसं. एकोणीस झाली. मास्तर शेवटी, बायकोला घेऊन. बबन उंबऱ्याला लागून बसला, टोपी मांडीवर.
पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं नाही. गाडी गेली. इथंच राहतो म्हणाले.
दुसरं गीत संपतंय तोच कौलांवर दगड. गडगडत पन्हाळीत आला. माझी नजर आधी बबनवर गेली, हे लिहून ठेवतो. तो तिथंच होता, दोन्ही हात टोपीवर.
उठला. कंदील उचलून अंगणात गेला. "कोन हाय रं? दगडं काय मारतोस, हिकडं ये, च्या हाय!"
अंधारात पावलं वाजली. मग थांबली. पळाली नाहीत.
राहेलबाईंनी बसल्या जागेवरून तिसरं गीत धरलं, चुकीच्या पट्टीत. सगळ्यांनी त्याच पट्टीत म्हटलं. मीही.
बबन कंदील परत उंबऱ्यावर ठेवून बसला. त्याच्यामागं आत कुणी आलं नाही. सगळे गेल्यावर मार्थानं चहाचा एक कप बशीसकट उंबऱ्यावर ठेवला, कंदिलाशेजारी.
आता नऊ वाजायला सात मिनिटं. पाळकसाहेब आत झोपलेत. दार अजून लावलेलं नाही. जमिनीवर बसून लिहितोय. इथून कपाची कड दिसते, चहा आहे की संपला ते दिसत नाही. उठून बघितलं तर कळेल. बसून आहे.