तुझ्या संगणकाला दोनच्या पुढे मोजता येत नाही

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? नातीला दात आले का? तू ताईकडे गेलीस तरी आम्ही दोघे खुशाल आहोत, म्हणजे आतोबा वेळेवर जेवतात आणि मी भांडी घासतो. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू माझ्या 'हॅलो'लाच 'काय मोडलंस?' म्हणून विचारतेस आणि मग माझं अवसानच गळतं. तर आधीच सांगतो, काहीही मोडलेलं नाही. अजून.

झालं असं की, तू सुटे भाग जोडून स्वतःच्या हातांनी बनवलेला तो संगणक (त्याला 'जुना' म्हणायची या घरात कुणाची छाती नाही) परवा टकटक करायला लागला. आतोबांना वाटलं, खिडकीत सुतारपक्षी आला. ते माइक घेऊन धावले. पण पक्षी हार्ड डिस्कमध्ये होता! निवृत्त झाल्यापासून त्यांनी रानोमाळ हिंडून जमवलेले पक्ष्यांचे सगळे आवाज त्या एकाच डिस्कवर आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत, आणि ती डिस्क तर घरघर लागल्यासारखी करतेय. मी म्हटलं, आवाज वाचवायचे तर नवी डिस्क हवी. (नवा संगणकच घेऊ, असंही सुचवून पाहिलं. नवी आत्या आणू म्हटल्यासारखं पाहिलं त्यांनी माझ्याकडे. डिस्क घराबाहेर न्यायलाही सक्त मनाई आहे.) जुनी एक टेराबाइटची, काठोकाठ भरलेली, म्हणून मी ऐटीत तीनची आणली आणि जोडली. तर तुझा संगणक म्हणतो, ही पाऊणचीसुद्धा नाही!

मी बाह्या सरसावून दुकानात गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, डिस्क पूर्ण आहे हो. तुमच्या मदरबोर्डलाच दोनच्या फारसं पुढे मोजता येत नाही. आकडे संपले की तो पुन्हा शून्यापासून सुरू करतो. तशीच वापरलीत तर पुढचं लिहिताना मागचं पुसेल." आत्या, खोटं कशाला बोलू, मला त्या बोर्डाचं कौतुकच वाटलं. आमच्या ऑफिसात ज्यांना मोजता येत नाही ते साहेब होतात. हा बिचारा इतकी वर्षं मुकाट्याने राबतोय. दुकानदाराने एक छोटं कार्ड दिलं. ते खाचेत बसवलं की मोजण्याचं काम कार्ड करतं, बोर्डाला तसदी नाही.

कार्ड बसवायला संगणकाचं खोकं उघडलं आणि मी हातच जोडले. काय तो टापटीपपणा! प्रत्येक वायर दोऱ्याने बांधलेली, प्रत्येकीला तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. माझ्या कपाटात मोजे जोडीने सापडत नाहीत आणि इथे स्क्रूसुद्धा सगळे एका दिशेला तोंड करून उभे. नवे संगणक पाहिलेत मी, पातळ, चकचकीत, उघडतासुद्धा येत नाहीत. तुझा उघडला की माणूस आपोआप ताठ उभा राहतो. बोर्डावरच्या छोट्या बॅटरीपाशी तर 'इथे हात लावू नये. विशेषतः तू.' अशी चिठ्ठी. मी तेव्हा शाळेत होतो, आत्या! दूरदृष्टी म्हणतात ती हीच. आतोबांना ती वाचून दाखवली तर ते अभिमानाने हसले आणि मी बॅटरीला हात लावू नये म्हणून शेजारी खुर्ची टाकून बसले.

बाकी सर्व ठीक. ताईला आणि भावजींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा आज्ञाधारक (यावेळी खरंच),
भाचा

ता. क. ते कार्ड चालू करायला आतली सेटिंग बदलावी लागते आणि ती उघडताना संगणक पासवर्ड मागतो. तो तू घातलेला आहेस. दुकानदार म्हणतो बॅटरी काढा, कुलूप आपोआप निघेल. पण त्या चिठ्ठीचं सांगितल्यावर तोही 'बाईंनाच विचारा' म्हणाला. तर तेवढा पासवर्ड कळव. वरचं कौतुक मात्र मनापासूनच आहे.

ता. क. २. आम्ही घरातली सगळी नावं घालून पाहिली. आतोबांच्या नावाची पाळी आली तेव्हा त्यांनी कॉलर नीट केली, चष्मा पुसला. संगणक म्हणाला, चूक. तेव्हापासून ते फक्त 'मीठ दे' एवढंच बोलतात. म्हणून पासवर्ड मला गुपचूप सांग, आणि त्यांना सांग की त्यांचंच नाव होतं, मीच टाइप करताना माती खाल्ली. माझी काही हरकत नाही, मला सवय आहे.

ता. क. ३. (हे माझं.) पत्र टपालात टाकायला त्याने माझ्याच हातात दिलं, आणि तेही पाकीट न चिकटवता. तुझा भाचा हुशार आहे, पण बेताचाच. मी रुसलेलो नाही. शब्द कुठलाही असो, मी विचारणार नाही, फक्त लवकर कळव. पक्ष्यांचं काय, ते आत्तासुद्धा कुंपणावर ओरडताहेत, पुन्हा मिळतील. पण प्रत्येक आवाजाच्या आधी दिवस आणि जागा सांगतेस ती तू, आणि मधेच 'अहो, उन्हात उभे राहू नका' म्हणतेस तीही तूच. तू गेल्यापासून मी तेवढंच ऐकत होतो. पक्ष्याने तोंड उघडलं की बंद करून पुढचं लावायचो.