जास्तीचा मजकूर

सोमवार, ३ मार्च

आले एकदाची. खोली वरच्या मजल्यावर आहे, उजेडाची. टेबल खिडकीला लागून, खुर्चीला उशी, भिंती कोऱ्या. लेकीने बॅगा पलंगाखाली ढकलल्या आणि जाताना दम भरला, की महिनाअखेर पुस्तक कापून अर्धं झालं नाही तर ती घ्यायलाच येणार नाही. पुस्तक आपलं आपणच काढायचं म्हटल्यावर धाक घालायला प्रकाशक नसतो, ते खातं लेकीने घेतलंय.

घरमालकीण बाई जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत होत्या. जाहिरातीतच होतं : लिहिणाऱ्यांसाठी खोली, शांतता, लागल्यास मदत. मला तर घरबसल्या गुरू मिळाला. त्यांचे यजमान खाली व्हरांड्यात खुर्चीवर बसून असतात. तेही पूर्वी लिहायचे म्हणे. मी नमस्कार केला, त्यांनी नुसती मान हलवली.

मी जन्मभर नर्स होते आणि पुस्तकात सगळंच कोंबलंय. माहेर, वॉर्ड, संसार, नणंदेची भांडणं, लेक. आणि आमचा ढब्बू, जो चार वर्षांचा असताना तापाने गेला, माझ्याच वॉर्डात, माझ्याच हातावर.

बुधवार, ५ मार्च

स्वतःचं लिहिलेलं कापणं म्हणजे स्वतःच्या पायातला काटा आरशात बघून काढणं. सकाळी एका वाक्यातला 'खूप' काढला, दुपारी जेवून उठल्यावर परत घातला. वॉर्डातल्या पडद्यांवरचा परिच्छेद तीनदा गेला आणि तीनदा आला. दिवसभराची कमाई म्हणजे एक स्वल्पविराम.

शेवटी बाईंना वाचायला दिलं. त्या पेन हातात घेत नाहीत. म्हणाल्या, ज्याचं पुस्तक त्यानेच काट मारायची, मी फक्त विचारीन. बरं वाटलं. मास्तरकी करणारी माणसं मला सोसत नाहीत.

शनिवार, ८ मार्च

बाईंनी चहाच्या वेळी विचारलं, "ह्या नणंदबाई नसत्या, तर पुस्तकाचं काय अडलं असतं?" मी बराच विचार केला. काही अडलं नसतं. मला हसूच आलं. अख्ख्या प्रकरणावर काट मारली. पुस्तक एकदम चालायला लागलं, जड पिशवी खाली ठेवावी तसं.

सोमवार, १० मार्च

कुणा बाईचा फोन आला. मला वहिनी म्हणत होती, गुडघ्याची चौकशी करत होती. चुकून लागला असेल म्हणून ठेवून दिला. मग लेकीचा आला, चिडलेला. आत्याला ओळखलं नाहीस का म्हणाली. मी म्हटलं, तुला कुठली आत्या? ती हळू आवाजात म्हणाली, गोळ्या घेतेस ना वेळेवर?

आत्ता ही वही मागे उलटून पाहिली. त्यात नणंद आहे. माझ्याच अक्षरात. अंगावर काटा आला.

गुरुवार, १३ मार्च

बाईंना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. पुस्तक हलकं झालं ना, एवढंच म्हणाल्या.

बॅग भरली. जिन्याशी यजमानांनी माझं मनगट धरलं. तोंड उघडून किती वेळ धडपडले, चेहरा लाल झाला, आणि एकच शब्द आला : "जा." बाई मागे उभ्या होत्या. कौतुकाने म्हणाल्या, "पूर्वी तासन्‌तास बोलायचे. आता नेमकं बोलतात."

मी निघालेच होते. बाईंनी अडवलं नाही. फक्त म्हणाल्या, की मुलाचं प्रकरण कच्चं आहे. त्यात मूल कुठे दिसतच नाही, नुसत्या तुम्ही रडताना दिसता. तसंच छापणार असाल तर छापा.

हे खरं होतं. ते प्रकरण मी किती वेळा लिहिलं आणि ते कधीच उतरलं नाही. बॅग पुन्हा पलंगाखाली गेली.

रविवार, १६ मार्च

दोन दिवस झटले. त्याचं हसू येईना, त्याचा वास येईना. प्रत्येक ओळीत मीच. वाक्यं मोडली, जोडली. शेवटी वाटलं, असं लिहिण्यापेक्षा नकोच. बाई शेजारी बसून शेंगा सोलाव्या तशा शांतपणे पानं वेगळी करत होत्या.

काट मारली. दुपारी झोपले. इतकी गाढ झोप किती वर्षांनी लागली.

मंगळवार, १८ मार्च

पाकिटात एका गुबगुबीत मुलाचा फोटो सापडला. गोड आहे. कोणाचा असेल? बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या आधीच्या भाडेकरूचा असेल.

मग वही उघडली. 'आमचा ढब्बू' असं लिहिलंय. मोठ्याने म्हणून पाहिलं. भोपळी मिरचीला म्हणतात तसं वाटलं. काहीच झालं नाही. पण छातीत एक जागा दुखते, आणि कोणासाठी दुखते ते मला माहीत नाही.

गुरुवार, २० मार्च

बाई ही वहीसुद्धा वाचतात. फापटपसारा फार आहे म्हणाल्या. एवढी वाक्यं कशाला. आणि दर ओळीत 'मी'. वाचणाऱ्याला कळतंच की कोण लिहितंय.

बरोबर आहे.

शुक्रवार, २१ मार्च

लेकीची पानं गादीखाली लपवली. ती देणार नाही. ती सोडून काहीही —

बाईंनी शोधली नाहीत. विचारलंही नाही. त्यांना घाई नाही.

रविवार, २३ मार्च

बाकीचं पुस्तक स्वच्छ झालंय. एक शब्द हलवता येत नाही. त्यात लेकीचं प्रकरण ठेवून पाहिलं. ढिसाळ. भाबडं. स्वच्छ कपड्यावर डाग पडावा तसं. झोप नाही. डाग दिसत राहतो.

मंगळवार, २५ मार्च

मारली. हात आपोआप चालला असं लिहिणार होते. खोटं. पूर्ण शुद्धीत. वाक्यावाक्याला. आणि दर काटेबरोबर बरं वाटत —

बुधवार, २६ मार्च

फोन वाजतो. वर 'लेक' असं येतं. कोणाची?

फोन बाईंकडे दिला.

शनिवार, २९ मार्च

खाली दार वाजलं. एक तरुण मुलगी. बाईंशी भांडत होती. 'आई' म्हणून हाका मारत होती, सारख्या. यजमान खुर्चीतून उठले, पुन्हा बसले.

बाई वर आल्या. ओळखता का, विचारलं. नाही. मग तसं तिला खाली येऊन सांगा, म्हणाल्या. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय जायची नाही ती.

सांगितलं. तिने हात धरला. घट्ट. "आई, माझ्याकडे बघ." बघितलं. रडल्यावर नाक लाल होतं तिचं. हात सोडवून घेतला.

बराच वेळ फाटकाशी उभी होती. मग —

रविवार, ३० मार्च

पुस्तक पातळ. सुरेख. उद्या छापायला.

बाईंनी पहिलं पान पुढे ठेवलं. लेखिकेचं नाव तेवढं राहिलंय. ते नसलं तर पुस्तकाचं काय अडतं?

विचार केला. काही अडत ना