तुमच्या मोटारीला बसवलेली काच

अहो,

तुम्ही शिकारीहून याल तेव्हा मी घरात नसेन. सखारामबरोबर मोखाड्याला माहेरी चालले आहे. भाकरी शिंकाळ्यात आहे, आमटी गरम करून घ्या.

दसऱ्याला सगळं जव्हार चाकापुढच्या दगडावर नारळ फोडतं. तुम्ही पाहुण्यांपुढे ऐट दाखवायला तो मोटारीच्या नाकाडावरच आपटलात. करवंटी उडाली आणि समोरची काच फुटली. थोबाडीत मात्र बसली माझ्या भावाच्या, सखारामच्या. का, तर तो तुमचा ड्रायव्हर. मी दारातून सगळं पाहत होते.

मुंबईहून काच यायला महिना लागणार, आणि तुम्हाला तर उद्याच त्याच शर्यतीच्या मोटारीतून साहेबाला शिरपामाळावर न्यायचंय. म्हणून दामू सुताराकडून दुसरी काच बसवून घेतली. घरात तेवढी मोठी एकच होती, तुमच्या फेट्यातल्या तसबिरीची. तसबीर पडवीत टेकवून ठेवली आहे. कोंबड्यांनी मिशांवर चोची मारल्यात, त्याला माझा इलाज नाही.

काच फार पातळ आहे. साहेबाच्या तोंडावर फुटली, तर या खेपेला सखाराम नाही. गाल तुमचाच पुढे करा.

कावेरी