डीकन आणि सायप्रसची फळीवाट

शनिवार, ६ एप्रिल

आजपासून रोज लिहायचं. नगरपालिका शहरातल्या उत्तम पायवाटांचं माहितीपत्रक काढतेय, त्यासाठी सूचना मागवल्यात. बायको मार्लीन म्हणते सगळ्याच क्लबांकडे मागवल्यात. मागवो बापडी. आमच्या पामेटो बेंडमध्ये नदीकाठच्या वाटा म्हटलं की लोकांना एकच माणूस आठवतो. हायस्कूलच्या पोरांना मी जन्मभर याच वाटांवर पळवलं. रिटायर झालो तरी अजून कोणी वेंडेल म्हणत नाही, 'कोच'च म्हणतात.

पहिला नंबर सायप्रसची फळीवाट. यात वाद नाही. दलदलीवरून जाणारी लाकडी वाट, दोन्ही बाजूंना पाण्यात उभी झाडं, फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा. टोकाला चौथरा, बाक आणि पुढे डोह. दुसरा नंबर उद्या ठरवतो.

मंगळवार, ९ एप्रिल. सकाळी.

फळीवाटेवर एकटाच. पाऊस नाही, नदी खाली गेलीय, पाणी काय ते डोहात. डॉक्टरांनी साखर बंद केलीय म्हणून खिशात फक्त मार्शमॅलोच्या मऊ गोळ्यांची छोटी पिशवी. त्यात साखरेपेक्षा हवाच जास्त. एक पाण्यात पडला. (पडला. टाकला नाही.) समोरच्या ओंडक्याने तोंड उघडलं आणि गिळला.

मोठी मगर. आमच्या जेवणाच्या टेबलापेक्षा कितीतरी लांब. चेहरा चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणाऱ्या माणसासारखा गंभीर. नाव ठेवलं डीकन, चर्चच्या सेवेकऱ्याला म्हणतात तेच. उरलेली पिशवी त्यालाच दिली. साखर सुटायची असेल तर अशीच सुटेल.

दुसरा नंबर अजून ठरलेला नाही.

रविवार, १४ एप्रिल

डीकन हुशार आहे. काठी फळीवर दोनदा आपटली की येतो. शिट्टीला येत नाही, नावाने येत नाही, पण टक-टक केलं की डोहाच्या पलीकडून सरळ रेघ मारल्यासारखा येतो. पाणी हलतसुद्धा नाही. नुसते दोन डोळे जवळ जवळ येत राहतात.

माहितीपत्रक निघालं की लोक लांबून येणार, आणि मगर दिसली नाही तर हिरमुसणार. म्हणजे मी करतोय ते शहराचंच काम. कायद्यात मगरीला खायला घालणं बसत नाही, ते ठाऊक आहे. कायदा न कळणाऱ्यांसाठी असतो. आणि हे खायला घालणं नव्हे, ट्रेनिंग आहे.

मार्लीनने विचारलं, पिशव्या इतक्या लवकर कशा संपतात? म्हटलं, मुंग्या.

शनिवार, २० एप्रिल

आज चालण्याच्या क्लबात मिस ओटिली आल्या. ऐंशीच्या उंबरठ्यावर, अर्ध्या गावाला त्यांनी पियानो शिकवलाय, म्हणून लग्नानंतरही सगळ्यांच्या 'मिस'च. मलाही दोन महिने शिकवला होता, पुढे त्यांनीच आईला निरोप पाठवला की याला फुटबॉलला घाला. आता गुडघ्यामुळे हातात ॲल्युमिनियमची काठी. म्हणाल्या, "वेंडेल, त्या फळीवाटेवर मला एकदा ने बाबा. नवरा होता तेव्हा जायचो. एवढ्या वर्षांत पाऊल टाकलेलं नाही." म्हटलं, मिस ओटिली, अकरा मेला फोटो काढायला नगरपालिकेची मुलगी येतेय, त्याच दिवशी तुम्ही पुढे, आम्ही मागे.

मेहुणा डेल्बर्टही होता. लोकांना बोटीतून मासेमारीला नेतो, म्हणून नदी आपल्या बापाची समजतो. म्हणाला, "कोच, त्या डोहातली मोठी मगर बघितलीस का? परवा बोट बघून पळायची सोडून माझ्याकडेच आली. मला नाही आवडलं ते." म्हटलं, तुला काय आवडतं मुळात? म्हणाला, "माणसाला भिणारी मगर आवडते."

मत्सर. दुसरं काही नाही.

शुक्रवार, २६ एप्रिल

हल्ली मार्शमॅलोने भागत नाही. हॉटडॉग नेतो. एवढ्या मोठ्या देहाला काहीतरी भरीव हवंच.

आज टक-टक केलंच नाही. नुसता चालत गेलो. चौथऱ्यापाशी पोचलो तर तो आधीच फळ्यांखाली. फटीतून पाठ दिसली. पावलांचा आवाज ओळखतो! कुत्रं पाळलेल्यांनी एवढं करून दाखवावं.

परतताना रेंजरबाई भेटल्या, यनेझ कॅस्टेलॉन. नव्या आहेत, पण नम्र. म्हणाल्या, "सर, तुम्ही रोज येता म्हणून विचारते. कोणीतरी या मगरीला खायला घालतंय. तुम्हाला कोणी दिसलं का?" मी संतापलो. खरोखर संतापलो. म्हटलं, पुलाखाली गळ टाकून बसणारी पोरं असणार, असल्यांना सोडू नका. त्या म्हणाल्या, "एकदा सवय लागली की माणूस दिसला म्हणजे खाणं आलं, एवढंच तिला कळतं. मग तिला मारण्यावाचून काही राहत नाही." मी मान हलवली.

घरी येताना नेहमीचं वळण चुकलं. साखर कमी झाल्यामुळे असणार.

बुधवार, १ मे

वाटेच्या तोंडाशी कागद चिकटवलाय. हरवलाय: छोटा तपकिरी कुत्रा, नाव पीनट, गळ्यात लाल पट्टा. शेवटचा इथेच, फळीवाटेवर दिसला.

बहिरी ससाण्याचं काम. हे पक्षी काय काय उचलतात याची लोकांना कल्पना नसते. कुत्रा मोठा नव्हताच.

डीकन आज आला नाही. दोन हॉटडॉग टाकले, तरंगत राहिले. पोट भरलेलं असेल. कशाने ते त्याचं त्याला माहीत.

ससाण्याचंच काम.

रविवार, ५ मे

दलदल गप्प आहे. बगळे दिसत नाहीत. कासवं ज्या ओंडक्यावर ओळीने उन्हं खात बसायची तो मोकळा. उन्हाळ्यामुळे.

चौथऱ्यावर बाकाभोवतीच्या फळ्या ओल्या होत्या. पाऊस नाही. बाजूच्या काठावर चिखलात रुंद, गुळगुळीत घसरण, पाण्यातून थेट फळ्यांपर्यंत. बाकावर बसलो नाही. पाठ अवघडली होती.

संकल्प: आजपासून खाणं बंद. पूर्ण बंद. चार दिवस उपास पडला की तो आपोआप डोहाच्या पलीकडे जाईल आणि शनिवारी लांबून, शोभेपुरता दिसेल. शिस्त कशी लावायची ते मला शिकवायला नको.

संध्याकाळी मार्लीन म्हणाली, "वेंडेल, तू त्या जनावराला खायला घालतोस ना?" म्हटलं, कोण म्हणतं? म्हणाली, "तुझ्या चड्डीच्या खिशातून हॉटडॉग निघाला. धुतलेला."

शुक्रवार, १० मे

पाळला आहे संकल्प. एक दिवस वगळता. त्या दिवशी तो फळ्यांखाली माझ्यासोबत चालत आला, अगदी गाडी लावतो तिथपर्यंत. मी थांबलो की थांबायचा. निघालो की निघायचा. खिशात डबलरोटी होती, ती फेकली आणि जरा भराभर चाललो. व्यायाम.

डेल्बर्टचा फोन. "उद्या म्हातारीला तिथे नेऊ नकोस. दुसरी वाट निवड. गावात वाटांना काय तोटा आहे?" म्हटलं, माहितीपत्रकात पहिला नंबर ती आहे. म्हणाला, "मग मी येतो बरोबर. वल्हं घेऊन." म्हटलं, चालायला वल्हं कशाला? त्याने फोन ठेवला.

मनात आलं होतं की रद्द करावं. पण कारण काय सांगणार?

शनिवार, ११ मे

आज लिहीत नाही.

रविवार, १२ मे

झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण लोक काहीही बोलतायत.

सकाळ छान होती. क्लबातले सहा-सात जण, कॅमेरा घेतलेली मुलगी, डेल्बर्ट आणि त्याचं वल्हं. मिस ओटिली सगळ्यांत पुढे, निळ्या टोपीत. काठी टेकत निघाल्या. फळीवर ॲल्युमिनियम. टक. टक. टक. टक.

मला ऐकू येत होतं. म्हणजे सगळ्यांनाच येत होतं. मी म्हटलं, मिस ओटिली, काठी जरा उचलून घेता का, माझा हात धरा. त्या हसल्या. "तुझा हात धरून चालायची वेळ आली तर मी घरीच बसेन रे." बाकीचेही हसले. टक. टक. मी फळ्यांच्या फटींतून खाली बघत होतो. मुलगी म्हणाली, कोच, वर बघा ना, फोटो येत नाहीये.

चौथऱ्यावर पोचल्या. कठड्याशी काठी टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगदी तसंच आहे सगळं."

तो पाण्यातून नाही आला. मागून, काठावरच्या घसरणीवरून फळ्यांवर आला. एवढं जड जनावर, आणि आवाज फक्त नखांचा. आधी काठी धरली. मग पाय. घोट्याच्या वर.

त्या ओरडल्या नाहीत. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या.

डेल्बर्टने वल्हं त्याच्या डोळ्यांवर घातलं, पुन्हा पुन्हा, वल्हं मोडेपर्यंत. कॅमेऱ्याच्या मुलीने मिस ओटिलींना दोन्ही काखांत धरून ठेवलं. सोडलं नाही त्या पोरीने. शेवटी त्याने पाय सोडला आणि काठी घेऊन पाण्यात गेला.

मी मदत आणायला गेलो होतो. कोणीतरी जायलाच हवं होतं. गाडीपाशी पोचलो तेव्हा लक्षात आलं की फोन खिशातच आहे.

बुधवार, १५ मे

मिस ओटिली वाचल्या. पाय गुडघ्यापासून खाली कापावा लागला.

डीकनला काल पकडून मारलं. सरकारने नेमलेला माणूस आला होता. मी गेलो नाही. डेल्बर्टने सांगितलं की त्या माणसाने काठावर उभं राहून बूट आपटला आणि डीकन सरळ त्याच्याकडे आला. दोर टाकेपर्यंत तोंड उघडून वाट बघत होता.

आज यनेझ कॅस्टेलॉन घरी आल्या. सरबत पुढे केलं, घेतलं नाही. मी पुलाखालच्या पोरांबद्दल पुन्हा सांगितलं, जरा तपशिलात. त्या ऐकत राहिल्या. वहीसुद्धा उघडली नाही. मग म्हणाल्या, "सर, तुमच्या मिसेसनी सकाळीच फोन केला होता."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. तो बंद झाला.

त्या गेल्यावर मी मार्लीनला म्हटलं, मी सांगणारच होतो. ती म्हणाली, "कधी?" मी म्हटलं, योग्य वेळ बघून. तिने उशी घेतली आणि पाहुण्यांच्या खोलीत गेली.

रविवार, २ जून

मिस ओटिलींना भेटायला हॉस्पिटलात गेलो. मार्लीन म्हणाली एकटा जा. फुलं घेतली. काय बोलायचं ते गाडीत दोनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा बरं जमलं होतं.

दारात त्यांची भाची उभी होती. जॉर्जियाहून आलीय, पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन जाणार, कायमचं. म्हणाली, "मावशी झोपलीय." आतून मिस ओटिलींचा आवाज आला, "कोण आहे गं?" भाचीने माझ्याकडे बघितलं. मी फुलं पुढे केली. ती मागे वळून म्हणाली, "कोणी नाही, मावशी." फुलं मात्र घेतली.

बाहेर आलो तर गाडी सापडेना. सगळ्या रांगा सारख्या, सगळ्या गाड्या पांढऱ्या. भर उन्हात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. शेवटी वॉचमन बॅटरीची छोटी गाडी घेऊन शेजारी थांबला. बसा म्हणाला. बसलो. सावकाश एकेक रांग फिरवत होता. चांगला माणूस. म्हणाला, "नवीन दिसता या गावात?"

म्हटलं, हो.